सुट्या भागांची सायकल

सायकल आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. बहुतेकांनी ती चालवली आहे आणि चालवताना गुडघेही फोडून घेतले आहेत. पण समोर एक रिकामा सांगाडा, निरनिराळ्या सायकलींच्या भागांनी भरलेली दोन खोकी आणि हातात एक पाना, एवढ्या सामग्रीतून सायकल उभी करण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे का? माझ्यावर तो वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी आला. मी कॉलेजात तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवतो. पाना हे हत्यार आमच्या धंद्यात लागत नाही. तेव्हा आज जे सांगणार आहे ते कारागिराचे बोल नव्हेत, शिकाऊ उमेदवाराचे आहेत, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी पुण्याचा. १९९० च्या आगेमागे आमच्या पेठेत तासाच्या भाड्याने सायकली देणारे एक दुकान होते. सीटवर बसून पाय पोचत नसत, म्हणून दांडीखालून एक पाय पलीकडे घालायचा, कंबर वाकडी करायची आणि खटक-खटक करीत अर्धी अर्धी पायडले मारायची, असा आमचा शिरस्ता. त्या दुकानातली एकही सायकल एका घराण्यातली नव्हती. चिमटा एकीचा, मागचे चाक दुसरीचे, सीट तिसरीची, आणि घंटी बहुधा कुणाचीच नाही! पण मालकांना त्याचे काही वाटत नसे. आपल्याकडच्या काळ्या सायकली इंग्रजी धाटणीच्या. नाव कुठल्याही कारखान्याचे असो, मापे बहुतेक तीच. एकीचे काढावे, दुसरीला लावावे. त्यामुळे सायकलीचे भाग म्हणजे कुणाचेही कुणालाही बसायचेच, अशी माझी बालपणापासूनची पक्की समजूत होती. ती समजूत २०२३ च्या उन्हाळ्यात शिकागोजवळच्या एका गावात, माझ्या थोरल्या बहिणीच्या गॅरेजात मोडली.

माझे मेहुणे, आम्ही त्यांना भाऊजी म्हणत असू, २०२२ च्या हिवाळ्यात अचानक गेले. मी जाऊन पोचलो तो मे महिना उजाडला. घरात ताई आणि तिचा पंधरा वर्षांचा मुलगा. माझा हा भाचा मुळात अबोल, त्यात वडील गेल्यापासून शब्द मोजूनच खर्च करी. मराठी त्याला कळते. बोलतो तो अडखळत, पण गोड. मी गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ताई म्हणाली, "गॅरेज आवरायचंय रे. सोमवारी एक माणूस येणार आहे भंगार न्यायला."

मी आत जाऊन पाहिले. भिंतीवर खुंटीला एक सायकलीचा सांगाडा टांगलेला होता. मूळ रंग लाल असावा, आता विटकरी झालेला. खाली दोन खोकी. प्रत्येक भाग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, त्यावर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. आणि खोक्यावर एक वही. भाऊजींचे ते टपोरे अक्षर मी लगेच ओळखले. "पुढचे चाक, बरे. मागचे चाक, हब उत्तम, आरे गंजलेले. चेन नवी घेणे. टायर मिळाले, दोन्ही चाकांना बसतील." आणि शेवटच्या पानावर, अधोरेखित करून: "पायडले, पुण्याची."

"हे काय आहे?" मी ताईला विचारले.

"तीन वर्षं गोळा करत होते. ह्याच्यासाठी बांधायची होती म्हणे. राहिलीच."

भाचा दारात उभा होता. तो काही बोलला नाही. पण सोमवारी तो माणूस आला तेव्हा बाकीचे सगळे त्याच्या गाडीत चढले, आणि ती दोन खोकी, सांगाडा आणि वही मात्र भाच्याच्या खोलीत, पलंगाखाली सापडली. मग आणखी काय बोलायचे? मला परत जायला सहा आठवडे होते.

आता ही सायकल कोणत्या जातीची, ते सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे ती जात फारशी रुजली नाही. अमेरिकेत तिला क्रूझर म्हणतात. रुंद हँडल मागे, मांडीच्या दिशेने वळलेले. सीट ऐसपैस, खाली जाड स्प्रिंगा. टायर आपल्या सायकलीच्या टायरापेक्षा कितीतरी गुबगुबीत. सांगाड्याच्या नळ्या सरळ नव्हेत तर कमानीसारख्या वळवलेल्या. आणि गियरही नाहीत, हातातले ब्रेकही नाहीत. पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक लागतो.

ह्या सायकलीचे मूळ शिकागोतलेच. इग्नाझ श्विन नावाचा एक जर्मन कारागीर तिथे येऊन राहिला आणि १८९५ साली त्याने अॅडॉल्फ अरनॉल्ड ह्या भागीदाराबरोबर कारखाना काढला. पुढे मोटारी आल्या, अमेरिकेतला मोठा माणूस सायकलीवरून उतरला तो उतरलाच, आणि सायकल ही मुलांची वस्तू झाली. त्या काळच्या अमेरिकन सायकलींना एकजीव नळीसारखे टायर असत, ते धावेला डिंकाने चिकटवावे लागत, आणि पंक्चर झाले की मुलाचा आठवडा फुकट. इग्नाझचा मुलगा फ्रँक श्विन युरोपात फिरून आला. जर्मनीत त्याने जाड, आत वेगळी ट्यूब असलेले टायर पाहिले होते. १९३३ साली, मंदीने लोकांची कंबर मोडलेली असताना, त्याने सव्वादोन इंचांना थोडे कमी, म्हणजे २.१२५ इंच रुंदीच्या टायरांची सायकल बाजारात आणली. फुटपाथच्या कडेवरून मुलाने ती धाडकन खाली घातली तरी तिला काही होत नसे. दोन-तीन वर्षांत इतर कारखान्यांनाही त्याच वाटेने जावे लागले.

मग त्या सायकलींना मोटारसायकलीसारख्या खोट्या टाक्या आल्या, दिवे आले, विमानासारखे आकार आले. १९४९ साली निघालेल्या 'ब्लॅक फँटम'वर तर इतके क्रोम की आरशाची गरज नाही! वजन म्हणाल तर सजलेली सायकल पन्नास-साठ पौंडांच्या घरात जाई. आपल्या दूधवाल्याने दोन्ही बाजूंना किटल्या लावाव्यात अशी ही सायकल, आणि ती चालवायची दहा-बारा वर्षांच्या पोराने. पण अमेरिकेच्या मध्यभागातली ती गावे सपाट, रस्ते रुंद. चालून गेले. १९५४ पासून थोडी सडपातळ, पावणेदोन इंची टायरांची जात निघाली. भाऊजींचा सांगाडा ह्या दुसऱ्या जातीचा होता. पुढे गियरच्या हलक्या सायकली आल्या आणि ह्या जाड्या बहिणी माळ्यावर आणि भंगारात गेल्या. शिकागोतला तो कारखाना १९८३ मध्ये बंद पडला आणि कंपनी १९९२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. नाव विकले गेले, ते आजही चालते.

भंगारात गेलेल्यांचीही एक गंमत आहे. १९७० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यातली काही तरुण मंडळी १९३०-४० च्या सालचे सांगाडे उकिरड्यावरून उचलून आणीत, त्यांना हाताला लागतील ते भाग जोडीत आणि डोंगरावरून खाली सोडीत. दोन मैलांत तेराशे फूट उतार. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी तिथे शर्यतच लावली. उलट्या पायडलाचा तो ब्रेक उतारावर इतका तापे की हबमधल्या ग्रीसचा धूर होई, आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उताराचे नावच पडले 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरा! डोंगरी सायकल, जी आज आपल्याकडे शाळेतली मुलेही वापरतात, तिचा जन्म ह्या सुट्या भागांच्या खटाऱ्यांतून झाला. तेव्हा खटारा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

असो. गॅरेजात परत येऊ.

पहिल्या दिवशी आम्ही एक जुनी चादर अंथरली आणि सगळे भाग तिच्यावर मांडले. चिमटा, चाके, छर्रे, कप, कोन, हँडल, सीट, मडगार्ड. माझ्यातला मास्तर जागा झाला. नागसेन भिक्षूंनी मिलिंद राजाला विचारले होते, राजा, रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? तीच गोष्ट मी भाच्याला सांगितली आणि विचारले, "ह्यात सायकल कुठे आहे?" आमच्या वर्गात ह्या प्रश्नावर अर्धा तास सहज जातो. भाच्याने क्षणभर पाहिले आणि म्हणाला, "वहीत." मी पुढे काही शिकवले नाही.

सांगाड्याच्या डाव्या बाजूला, मागचे चाक जिथे अडकते त्या खाचेजवळ एक क्रमांक ठोकलेला असतो. हे क्रमांक कोणत्या दिवशी ठोकले गेले त्याच्या याद्या उपलब्ध आहेत. भाच्याने रॉकेलचा बोळा फिरवून तो क्रमांक वाचला आणि यादीत शोधला. १९५८ चा वसंत निघाला. क्रमांक ठोकल्याची ती तारीख. सायकल त्याच दिवशी तयार झाली असे नव्हे. पण पासष्ट वर्षांचा सांगाडा आहे, हे कळल्यावर त्याने तो जरा हलक्या हाताने खाली ठेवला.

इथे एक वाद येतो, तो सांगतो. अशा जुन्या सायकलींच्या शौकिनांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, सायकल कारखान्यातून निघाली तशीच्या तशी झाली पाहिजे, एक स्क्रूही परका नको. दुसरा म्हणतो, भाग माझे, सायकल माझी, मला हवी तशी बांधीन. माझे मत विचाराल तर, जी सायकल अखंड मिळाली आहे तिचे तुकडे करणे हा दुष्टपणा आहे. पण ज्या सांगाड्याची चाके, हँडल, सीट सगळे काळाने केव्हाच दुसरीकडे नेले, त्याला कुलशीलाच्या अटी कशाला? रंगाचा प्रश्न भाच्याने सोडवला. "रंग नको, मामा." नुसता धुऊन, मेण लावून ठेवला.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. हात यंत्रकामात मुरलेले. आमची खटपट दोन दिवस कुंपणावरून पाहून तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. त्यांचे सगळ्यांत आवडते वाक्य, "आधी मोजा." आणि खरोखर, मोजल्याशिवाय तिथे काहीच बसेना. हँडलचा खुंट साडेबावीस-बावीस मिलिमीटर असा डोळ्यांनी ठरवून चालत नाही. आमच्याकडचा होता २२.२ चा, आणि चिमट्याच्या नळीला हवा होता २१.१५ चा. एक मिलिमीटर! तुम्ही म्हणाल, एवढ्याशाने काय होते? होते असे की तो आत जातच नाही. सीटच्या दांड्याचीही तीच कथा. बाजारात जुन्या भागांचा ढीग मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून, आमच्या लहानपणी बुधवारी नि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराची आठवण येत, दोन्ही मिळाले.

क्रँक पाहून मात्र मी थक्क झालो. आपल्याकडे दोन बाजूंना दोन हात, आणि ते आसाला कॉटर पिन ठोकून पक्के केलेले. ती पिन ढिली झाली की पायडल मारताना कसा झोल लागतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. इथे दोन्ही हात आणि मधला आस मिळून एकच अखंड लोखंड, वाकवून केलेले. ते सांगाड्याच्या भोकातून साप बिळात शिरावा तसे वाकडे-तिकडे करून आत घालायचे. डाव्या बाजूचे आटे उलटे. हे मला माहीत नव्हते, आणि मी नट सोडवतो आहे असे समजून पंधरा मिनिटे तो जिवाच्या आकांताने आवळत होतो. भाचा बघत होता. मामाला घाम फुटलेला पाहून त्याच्या चेहऱ्यावर त्या घरात आल्यापासून मी पाहिलेले पहिले हसू आले. म्हणून त्या नटाबद्दल माझी काही तक्रार नाही.

खरी परीक्षा टायरांनी घेतली. वहीत लिहिले होते, "दोन्ही चाकांना बसतील." टायर नवे कोरे, वर छापलेले २६ × १.७५. पुढच्या चाकाला टायर मुकाट्याने बसले. मागच्याला काही केल्या बसेना. टायर काढायच्या दोन पट्ट्या मोडल्या, एक ट्यूब चिमटून फुटली. मागच्या चाकाच्या धावेचे माप काय? २६ × १ ३/४. म्हणजे पावणेदोन. आणि टायर १.७५, म्हणजेही पावणेदोनच! तर्कशास्त्राचा पहिला नियम असा की जे जे आहे ते ते तेच आहे. पावणेदोन बरोबर पावणेदोन. मी वीस वर्षे फळ्यावर हे लिहीत आलो आहे.

शेजारचे गृहस्थ आले, पाहिले आणि हसू लागले. सायकलीच्या दुनियेत म्हणे अपूर्णांकातले पावणेदोन आणि दशांशातले पावणेदोन ही दोन निरनिराळी माणसे आहेत. टायरवरचा हा आकडा चाकाचे खरे माप सांगतच नाही. खरे माप म्हणजे टायरची कड धावेवर जिथे बसते तिथला व्यास. दशांशातल्या २६ ला तो ५५९ मिलिमीटर असतो. अपूर्णांकातल्या त्या पावणेदोनला ५७१. इंग्रजी सायकलींच्या २६ × १ ३/८ ला ५९०. आणि आपली ती पुण्याची अठ्ठावीस इंची, २८ × १ १/२, तिला ६३५. एकाच 'सव्वीस'च्या पोटात इतकी मापे! दोष कारखान्याचा नव्हे, आमच्या वाचण्याचा. हल्लीच्या टायरांवर ते मिलिमीटरचे माप बारीक अक्षरांत असतेही. तुम्ही जुन्या सायकलीला टायर घ्यायला गेलात, तर तो बारीक आकडा वाचा, मोठा वाचू नका.

भाच्याने वही उघडली. ती ओळ पुन्हा वाचली. मग मान वर न करता म्हणाला, "म्हणजे बाबा चुकला होता."

मला काय बोलावे कळेना. गेलेल्या माणसाची चूक पोराच्या तोंडून ऐकणे सोपे नसते. मी म्हटले, "हो, चुकले. मीही चुकलो असतो. चुकलोच की."

"मला वाटायचं त्याला सगळं येतं," तो म्हणाला. "तो मला नेहमी म्हणायचा, तू घाई करतोस. त्यानेपण घाई केली." आणि मग त्या संध्याकाळी, ट्यूबला ठिगळ लावता लावता, तो बाबांबद्दल बराच वेळ बोलत राहिला. त्यातले सगळे इथे सांगण्याचे नाही.

मार्ग दोन होते. ५७१ ची टायरे शोधून आणायची, ती मिळतात. किंवा हब तेवढा ठेवून धाव बदलायची. आरे गंजलेले होतेच. म्हणून हब भाऊजींचा, धाव ५५९ ची नवी आणि आरे छत्तीस नवे, असे ठरले. चाक विणणे म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिले. अर्धे आरे हबच्या एका बाजूने, अर्धे दुसऱ्या बाजूने. त्यांतलेही निम्मे पुढे कललेले, निम्मे मागे. एकमेकांना ठरावीक वेळा ओलांडून जायचे. आधी सगळे ढिले. मग सायकल उलटी ठेवायची, चाक चिमट्यात धरायचे, फिरवायचे आणि जिथे ते डावीकडे झुकते तिथले उजवीकडचे आरे पाव आटा आवळायचे. आमच्या पेठेतले दुकानदार ह्याला 'आउट काढणे' म्हणत आणि गप्पा मारता मारता दहा मिनिटांत काढीत. आम्हा दोघांना तीन संध्याकाळी लागल्या. त्या दुकानदारांना मी लहानपणी किती किरकोळीत काढले होते, हे आठवून मनातल्या मनात हात जोडले.

आता पायडले. "पायडले, पुण्याची." ती खोक्याच्या अगदी तळाशी होती. काळ्या रबरी ठोकळ्यांची, आपल्या साध्या सायकलीची. भाऊजी ज्या सायकलीवरून पुण्यात कॉलेजला जात, तिची. सायकल केव्हाच गेली. ही दोन पायडले त्यांनी काढून ठेवली होती आणि समुद्रापलीकडे नेली होती. ती ह्या क्रँकला बसणे शक्यच नव्हते. अखंड क्रँकचे भोक अर्ध्या इंचाचे. आपल्याकडच्या पायडलाचा दांडा नऊ सोळांश इंचाचा. एक सोळांश इंच जास्त. मधे घालायचे जोडतुकडे मिळतात, पण त्यांनी पायडल बाहेर सरकते आणि पाय फाकवून चालवावे लागते.

शेजारचे म्हणाले, भोक मोठे करून नवे आटे पाडता येतील, लोखंड पुरेसे जाड आहे. पण एकदा पाडले की क्रँक पुन्हा मूळचा होणार नाही. मी घुटमळलो. १९५८ चा क्रँक! भाचा म्हणाला, "असा क्रँक त्या बाजारात ढीगभर होता. ही पायडलं नव्हती." हा युक्तिवाद मला आमच्या विषयातल्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा निर्दोष वाटला.

क्रँक शेगड्यात आवळून, भोक अर्ध्या इंचाहून जरासे वर मोठे केले. मग आटे पाडायचे हत्यार, भरपूर तेल, अर्धा फेरा पुढे, थोडे मागे, कीस मोडायचा, पुन्हा अर्धा फेरा पुढे. डाव्या हाताला उलट्या आट्यांचे वेगळे हत्यार लागते, कारण डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. नाहीतर चालवता चालवता ते आपणहून सुटत जाईल. सगळे भाच्याने केले. मी तेल सोडत होतो. पायडल हाताने फिरवले आणि ते मऊपणे आत गेले, तेव्हा शेजारच्यांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली.

ब्रेकचे सांगायचे राहिले. हब उघडून, रॉकेलने धुऊन, छर्रे बदलून, नवे ग्रीस भरले. ह्या हबला डाव्या बाजूला एक पोलादी हात असतो. तो सांगाड्याच्या खालच्या नळीला पट्टीने जखडावा लागतो, कारण ब्रेक लागताना सगळा जोर त्याच्यावर येतो. ती पट्टी मी "उद्या लावू" म्हणून ठेवली आणि "जरा पाहतो" म्हणून स्वतःच सायकलीवर बसलो. गॅरेजासमोरचा उतार लहानसा. मी पायडल उलटे दाबले, तो हात गर्रकन फिरला, ब्रेक लागला नाही, आणि एक तर्कशास्त्राचा प्राध्यापक समोरच्या झुडपात गेला. लागले फारसे नाही. पण भाचा बसला असता तर? हा विचार रात्री झोपू देईना. दुसऱ्या दिवशी पट्टी लागली, आणि ताईने अट घातली की पुढे हाताचाही ब्रेक हवा. मागचा ब्रेक चेनवर अवलंबून. चेन उतरली की तो गेलाच. तो हाताचा ब्रेक म्हणजे ह्या जातीच्या सायकलीला विजोड, शौकिनांना तो खपणार नाही. खपू नये. लांब हातांचा एक ब्रेक शोधून आम्ही लावला.

मी निघण्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, सायकल रस्त्यावर आली. विटकरी सांगाडा, एका सायकलीचे पुढचे चाक, दुसरीचा हब, नवी धाव, बाजारातले हँडल, मडगार्ड एकच, मागचे. भाचा बसला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन वळून आला. मी फाटकाशी उभा होतो. चाक सरळ चालते आहे का तेच पाहत होतो, दुसरे काही बघण्याचे भान नव्हते. दर फेऱ्याला डावे पायडल टक् करून वाजत होते. कोन थोडा ढिला असणार.

ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तिथेच थांबली. "कॉलेजात असल्यापासून ते असंच वाजतं," ती म्हणाली. "हे गल्लीत वळले की आम्हाला घरात कळायचं."

मी पाना घेऊन पुढे झालो. म्हटले, दोन मिनिटांचे काम आहे, आवळून देतो.

"राहू दे," ताई म्हणाली. भाचा तोवर दुसऱ्या फेरीला निघून गेला होता.